डोंगरमाथ्यावरची फ्रेंच गावं : भीतीने वसवली, गरिबीने जपली

फ्रान्समध्ये अशा गावांना ‘व्हिलाज पेर्शे’ म्हणतात. फांदीवर पक्षी बसावा तसं उंचावर बसलेलं गाव. आज लोक तिथे चढतात ते खालची दरी पाहायला. गाव वसवणाऱ्यांनाही दरी दिसायला हवी होती, पण ती कोण चालून येतंय हे वेळेत कळावं म्हणून.

आग्नेय फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये या वस्त्यांचं कारण विचारलं की अरब हल्लेखोरांची कथा ऐकायला मिळते. फ्राक्सिनेट इथे दहाव्या शतकात त्यांचं ठाणं होतं, हे खरं. पण बरीच गावं ते ठाणं मोडल्यानंतर, ११व्या-१२व्या शतकांत आकाराला आली. सरदारांनी टेकड्यांवर गढ्या बांधल्या आणि शेतकऱ्यांना भोवती गोळा केलं; त्यात संरक्षण होतं, तशीच करवसुली आणि वेठही होती. नुसती हल्ल्यांची कथा सांगितली की हा हिशेब झाकला जातो, म्हणून ती मला अपुरी वाटते.

नैऋत्य फ्रान्समधल्या तुलूझ शहराच्या ईशान्येला असलेल्या कोर्द या गावाचा जन्म मात्र थेट युद्धातून झाला. चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर या ख्रिस्ती पंथीयांविरुद्ध १२०९मध्ये धर्मयुद्ध पुकारलं गेलं आणि हा सगळा प्रदेश होरपळला. शेजारचं सें-मार्सेल धर्मयुद्धाचा सेनानी सिमों द मोंफोरच्या सैन्याने उद्ध्वस्त केलं. १२२२मध्ये तुलूझचा काउंट सातवा रेमों याने टेकडीवर नवं गाव वसवायची सनद दिली. लोक आले, आणि गाव तटबंदीबाहेर वाढत गेलं, तसे नवे तट उभे राहत गेले. पुढे कापड आणि चामड्याच्या व्यापारात इतका पैसा आला, की व्यापाऱ्यांनी कोरीव खिडक्यांचे गॉथिक वाडे उभारले. ते आजही उभे आहेत. उंचीची किंमत कळते ती बाजारमंडपातल्या विहिरीपाशी : ती ११० मीटरहून खोल आहे, आणि तीही टेकडीच्या खडकातून खणलेली.

मग शांतता आली, आणि तीच या गावांच्या मुळावर आली. शेतं खाली, पाणी खाली, १९व्या शतकात रेल्वेही खालूनच गेली. फिलॉक्सेरा किडीने द्राक्षमळे संपवले, पहिल्या महायुद्धाने तरुण नेले. प्रोव्हान्समधलं व्हेर्नेग १९०९च्या भूकंपात कोसळलं, तेव्हा लोकांनी ते पुन्हा माथ्यावर न बांधता खाली बांधलं. ओपेदचे रहिवासीही हळूहळू सपाटीवर उतरले. मागे उरलेल्यांकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसा नव्हता. मध्ययुगीन गल्ल्या टिकल्या त्यात या तंगीचा वाटा मोठा आहे. सौंदर्यदृष्टीला श्रेय देण्याआधी हे सांगायलाच हवं.

ओस घरांकडे पहिल्यांदा वळले ते कलावंत. १९४०मध्ये युद्धाच्या धामधुमीत काही तरुण वास्तुविशारद आणि कलाकार ओपेदच्या पडक्या घरांत राहायला आले. चित्रकार ईव्ह ब्रेयर त्याच सुमारास कोर्दला पोहोचला. कवी आंद्रे ब्रतों १९५०मध्ये लॉत नदीवरच्या कड्यावरचं सें-सिर्क-लापोपी पाहून तिथेच रमला. १९८२मध्ये कोलोंज-ला-रूजचे महापौर शार्ल सेराक यांनी सर्वांत सुंदर गावांची संघटना उभी केली. सुरुवातीला तीत ६६ गावं होती. लोकसंख्या २,०००च्या आत हवी, ही तिची एक अट.

कोर्दला शतकानुशतकं नुसतं ‘कोर्द’च म्हणत. शरदातल्या सकाळी सेरू नदीचं खोरं धुक्याने भरतं आणि गाव ढगांवर तरंगताना दिसतं. त्यावरून सुचलेलं ‘स्युर-सिएल’, म्हणजे आकाशावरचं, हे शेपूट त्याच्या नावाला अधिकृतपणे जोडलं गेलं ते १९९३मध्ये.