ठिबकतं एकीकडे, गळतं दुसरीकडे

इंजिनातून गळालेलं तेल सरळ खाली पडत नाही. ते आधी धातूच्या अंगाला चिकटतं, कडाकपारीतून वाट काढत उतरतं आणि गाडी चालू असताना वाऱ्याच्या झोताने मागे ढकललं जातं. शेवटी सगळ्यात खालच्या टोकाशी थेंब जमतो आणि जमिनीवर पडतो. म्हणून जमिनीवरच्या डागाच्या बरोबर वर गळती असेल असं धरून चालणं ही जुन्या गाडीच्या दुरुस्तीतली सगळ्यात महागडी चूक ठरते. शोधायची असते ती सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा.

पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५ हे याचं चांगलं उदाहरण आहे. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी पहिल्यांदा दिसली. तिचं १.६ लीटरचं इंजिन माझ्दाच्या ३२३ या घरगुती गाडीच्या इंजिनकुळातलं. तिथे ते आडवं बसत असे. एमएक्स-५ मध्ये ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं गेलं. त्यामुळे सिलिंडर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं एक टोक थेट मागच्या पत्र्याच्या भिंतीला जाऊन भिडलं आणि नेमक्या त्याच टोकाला कॅम अँगल सेन्सर आहे. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, म्हणजे कॅमशाफ्टची स्थिती ओळखून ठिणगी कधी पाडायची ते संगणकाला कळवणारा हा भाग. त्याच्याभोवती एक रबरी ओ-रिंग असते. ती गेली की तेल हेडच्या पाठीवरून उतरतं आणि बेलहाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथे ठिबकतं. खालून पाहणाऱ्याला वाटतं की क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचं मागचं सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ओ-रिंग बदलायला एक बोल्ट काढावा लागतो.

कामाला हात घालण्याआधी गळती किती आहे याचा अंदाज घ्या. एक मिलीलीटर तेलात ढोबळमानाने २५ ते ३० थेंब मावतात. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालताना दर मिनिटाला एक थेंब पडत असेल, तर १,००० किलोमीटरमध्ये जेमतेम ३३ ते ४० मिलीलीटर तेल जातं. या इंजिनात साधारण साडेतीन लीटर तेल असतं, म्हणजे हा तोटा नगण्य; डाग मात्र भयंकर दिसतो. उलट, तेवढ्याच अंतरात डिपस्टिकवरची, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरची पातळी अर्ध्या लीटरने उतरली आणि जमिनीवर चार-दोनच थेंब असतील, तर ते तेल बाहेर न पडता आत जळतंय. तिथे बाहेरची सीलं बदलून काहीच साधणार नाही. व्हॉल्व्हची सीलं आणि पिस्टनच्या रिंगा तपासायला हव्यात.

गळतंय ते इंजिन ऑइलच आहे ना, हेही पाहा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर एक थेंब घ्या. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो आणि ते बोटांना जास्त दाट लागतं. क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरमधला, म्हणजे द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या नळकांड्यातला द्रव पाण्यासारखा पातळ असतो आणि रंग खातो. हा सिलिंडर या गाडीत हमखास पाझरतो, तोही बेलहाउसिंगच्या बाजूलाच.

मग धुणं. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. इंजिन थंड असताना अल्टरनेटर, सेन्सर आणि हवेचं तोंड प्लॅस्टिकने झाका, डीग्रीझर मारा, ब्रशने खरवडा, कमी दाबाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. नंतर १५-२० किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन वरून खाली पाहत या. संशय असेल त्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवली, तर तेलाची पहिली रेघ लगेच उठून दिसते. त्याहून पक्की पद्धत म्हणजे अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात तो तेलात टाका, गाडी फिरवा आणि अंधारात दिवा मारा. गळतीची वाट पिवळ्या-हिरव्या रंगात झळाळते. गाडीखाली शिरायचं तर ती जॅकवर नव्हे, भक्कम जमिनीवरच्या स्टँडवर हवी.

कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग का जाते? रबर दाबलं की ते परत उसळू पाहतं आणि त्या उसळीनेच फट बंद राहते. वर्षानुवर्षं गरम तेलात राहिल्यावर रबराची ही उसळी संपते. जुनी रिंग बाहेर काढून पाहा: मूळची गोल कड चपटी, जवळजवळ चौकोनी झालेली असते आणि नखाने दाबली तर कडक लागते. नवी रिंग व्हिटॉनची, म्हणजे फ्लुओरोकार्बन रबराची घ्यावी. ती साध्या नायट्राइलपेक्षा उष्णतेत बरीच जास्त टिकते.

बदलताना आधी बॅटरीची ऋण तार काढा. सेन्सरच्या बुडापासून हेडपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. ही रेघ विसरू नका, कारण सेन्सर थोडा जरी फिरला तरी ठिणगीची वेळ बदलते. जोडणीची प्लॅस्टिकची खिटी एव्हाना ठिसूळ झालेली असते, ती जपून दाबा. १२ मिलीमीटरचा एकच बोल्ट काढा आणि सेन्सर किंचित हलवत सरळ मागे ओढा. जागा इतकी अरुंद आहे की हे बहुतेक चाचपडतच करावं लागतं. खोबण पुसा, नव्या रिंगला तेल लावा आणि सेन्सर परत बसवा. त्याची जीभ मध्यापासून जरा बाजूला आहे, त्यामुळे तो एकाच स्थितीत बसतो. बसत नसेल तर ठोकू नका, अर्धा फेरा फिरवा. शेवटी रेघ जुळवून बोल्ट आवळा. मन मानत नसेल तर डायग्नोसिस बॉक्समधल्या (तपासणीच्या जोडण्यांच्या डबीतल्या) टीईएन आणि जीएनडी या टोकांना तारेने जोडा आणि टायमिंग लाइटने, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने तपासा: आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असताना, १० अंश आगाऊ (पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी) दिसायला हवेत.

तिथेच मागे हीटरचे रबरी होजही पाहा. तेलाने भिजून ते फुगतात, मऊ पडतात आणि एखाद्या दिवशी फुटून इंजिनातलं पाणी बाहेर टाकतात. तेलाच्या थेंबांपेक्षा इंजिनाला खरा धोका आहे तो या होजचा.

सेन्सरच्या वरच व्हॉल्व्ह कव्हरची, म्हणजे हेडवरच्या झाकणाची कड येते. तिचं गास्केट (सांध्यातली फट बुजवणारी पट्टी) गळत असेल तर तेल त्याच वाटेने उतरतं, म्हणून दोन्ही कामं एकदम करणं शहाणपणाचं. बरेच जण गळती दिसली की बोल्ट आणखी आवळतात. त्याने गास्केट चेंगरतं, कव्हर वाकतं आणि ॲल्युमिनियममधले आटे जातात. या बोल्टना फक्त ५ ते ९ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो, तोही मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत. सिलिकॉन सीलंट कोपऱ्यांपुरतंच लावा, जिथे कॅमशाफ्टला जागेवर धरणाऱ्या टोप्या आणि हेड यांची सांधेजोड आहे. हे सीलंट हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत घट्ट होत जातं. जाड थर दिला तर आतला भाग कच्चा राहतो, सुटलेले तुकडे तेलात जातात आणि पंपाच्या जाळीवर अडकतात. या इंजिनात कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले हायड्रॉलिक टॅपेट तेलाच्या दाबावरच चालतात, त्यामुळे तेल कमी पडलं की ते टिकटिक करायला लागतात.

नवं गास्केटही गळायला लागलं तर पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली निसटतो आणि हा व्हॉल्व्ह तो परत इनटेकमध्ये ओढून घेतो. तो तुंबला की आत दाब साठतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. व्हॉल्व्ह काढून हलवा, आत खुळखुळ वाजायला हवी. इंजिन आयडलवर असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवायला हवी. भाग स्वस्त आहे, शंका आली तर सरळ बदला.

पुढच्या बाजूची, म्हणजे क्रँक आणि कॅमची सीलं टायमिंग बेल्टच्या, म्हणजे क्रँकशाफ्टने कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या पट्ट्याच्या कव्हरमागे असतात. बेल्ट दर ९६,००० किलोमीटरच्या सुमाराला बदलायचा असतो; सीलं तेव्हाच बदलावीत, कारण तेलात भिजलेला बेल्ट टिकत नाही. जुनं सील उपसताना स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा शाफ्टवर उमटला, तर नवं सील पहिल्या दिवसापासून गळतं. १९९०-९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं नाक, म्हणजे पुली बसते ते पुढचं टोक, आखूड आहे. पुलीच्या बुडात चार खाचा दिसल्या तर नाक आखूड, आठ दिसल्या तर लांब. आखूड नाकाचा मधला बोल्ट १०८ ते ११८ न्यूटन-मीटरवर आवळतात, लांब नाकाचा १५७ ते १६७ वर. आखूड नाकात हा बोल्ट सैल राहिला तर पुलीला शाफ्टवर धरणारी धातूची चावी आणि तिची खाच झिजते, पुली डगमगू लागते आणि शेवटी क्रँकशाफ्टच बदलायची पाळी येते.

एवढं सगळं कोरडं असूनही बेलहाउसिंगच्या तळाच्या फटीतून तेल येत असेल, तरच मागच्या सीलकडे वळा. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी लांब चौकट, प्रॉपेलर शाफ्ट, मग गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील असं सगळं उतरवावं लागतं. गिअर ऑइल आधी काढून घ्या, नाहीतर शाफ्ट ओढताच ते अंगावर येतं. सीलच्या ओठाने क्रँकशाफ्टवर खाच पाडली असेल, तर नवं सील मिलीमीटरभर कमी खोल बसवतात, म्हणजे ओठ न झिजलेल्या पृष्ठभागावर टेकतो. गिअरबॉक्स खाली आलेलाच असतो, तेव्हा क्लचप्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्या.