टायटॅनियमचा दात आणि नागपूरचं ऊन

मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या नागपुरात, दाताचं इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवायचा टायटॅनियमचा स्क्रू) बसवायला गेलेल्या माणसाच्या हातात हल्ली आधी 'व्हिटॅमिन डी तपासून आणा' अशी चिठ्ठी पडते. 'आमच्याकडे उन्हाची काय कमी?' हा प्रश्न मग ठरलेला.

मुळात इम्प्लांट आणि व्हिटॅमिन डी, म्हणजे ड जीवनसत्त्व, या दोन वेगळ्या गोष्टी. 1952 साली स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले तर निघेना, हाड त्याला घट्ट धरून बसलेलं. 1965 मध्ये योस्टा लार्सन यांच्या जबड्यात असे स्क्रू बसले आणि 2006 साली ते वारले तोवर टिकले. तरी दंतवैद्यकाचा विश्वास बसायला 1982 ची टोरांटो परिषद लागली.

ड जीवनसत्त्वाची वाट निराळी. 1919 मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) झालेली मुलं अतिनील दिव्याखाली बरी केली. 1922 मध्ये मॅककॉलम यांनी कॉड माशाच्या तेलातल्या मुडदूस बरा करणाऱ्या घटकाला 'डी' नाव दिलं. आज रक्तात मोजतात ते त्याचं रूप 1968 साली ओळखलं गेलं.

दोन्ही वाटा जुळल्या त्या अलीकडे. 2009 मध्ये ड कमी असलेल्या उंदरांत इम्प्लांटची पकड ढिली आढळली. 2018 मध्ये इटलीतल्या 885 रुग्णांच्या 1740 इम्प्लांटची पाहणी छापून आली. रक्तात मिलिलिटरमागे दहा नॅनोग्रॅमहून कमी ड असलेल्या गटात सुरुवातीलाच अपयश येण्याचं प्रमाण 11.1 टक्के होतं, बाकीच्यांत बरंच कमी. पण त्या गटात माणसं इतकी थोडी, की संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक उतरला नाही. चिठ्ठीमागचा पुरावा एवढाच आहे. पुरेसं ड म्हणजे तीस नॅनोग्रॅम, ही लक्ष्मणरेषाही 2011 ची. ती आखणाऱ्या एंडोक्राइन सोसायटीनंच (संप्रेरकतज्ज्ञांची संस्था) 2024 मध्ये मागे घेतली.

आता नागपूरकरांचा प्रश्न. त्वचेत ड तयार करणारे किरण काचेतून येत नाहीत, आणि सूर्य तिरपा असताना फारसे पोचतही नाहीत. बाळाला तेल लावून दाखवतो ते सकाळचं कोवळं ऊन या कामाला तोकडंच. सावली आपल्यापेक्षा आखूड होते तेव्हाचं ऊन कामाचं, आणि नेमकं तेव्हा अख्खं शहर कूलरपुढे असतं. बाहेर निघालंच तर तोंडाला दुपट्टा. दिल्लीच्या एम्समधल्या रवींद्र गोस्वामी यांनी 2000 सालीच दाखवलं होतं, की भरपूर ऊन असलेल्या शहरात धडधाकट माणसांतही ड कमी असतं.

ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी दुधातून घेणं सोपं, म्हणून तिची चर्चा फार. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यानं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नसेल, तर मात्र इम्प्लांटचं ड्रिल आत जाणार कुठून?