लंडनच्या बँकांतला डे रेट आणि त्यामागची चाळीस वर्षं

लंडनच्या एखाद्या इन्व्हेस्टमेंट बँकेत कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या प्रोग्रामरने आपला दर दिवसाला 600 पौंड सांगितला, तर जाणकार माणूस लगेच विचारतो, ‘इनसाइड की आउटसाइड?’ हे, म्हणजे कर नोकरासारखा बसणार की स्वतंत्र व्यावसायिकासारखा, ठरल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. असं का झालं, हे समजायला 1986पर्यंत मागे जावं लागतं.

27 ऑक्टोबर 1986 रोजी लंडन शेअर बाजारातलं ठरावीक कमिशन रद्द झालं, दलाल आणि जॉबर (स्वतःच्या खात्यावर शेअर घेणारे-विकणारे व्यापारी) यांच्यातली भिंत पडली आणि सौदे बघता बघता सभागृहातून पडद्यावर गेले. परदेशी बँकांनी जुन्या पेढ्या विकत घेतल्या. सगळ्यांनाच सिस्टिम हव्या होत्या, त्याही ताबडतोब. पण नोकरीत माणूस घ्यायचा म्हणजे पगाराची श्रेणी आली, मंजूर पदसंख्या आली. कॉन्ट्रॅक्टरचा खर्च बहुधा प्रोजेक्टच्या बजेटमधून जाई आणि पदांच्या मोजणीत धरला जात नसे. हा हिशेबातला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. भरती गोठवलेली असतानाही कॉन्ट्रॅक्टर आत येऊ शकतो तो यामुळे, आणि बजेट कापलं की पहिला बाहेर जातो तोही यामुळेच. दर चढा असायचा त्यात कौशल्याची किंमत होतीच. पण रजा नाही, आजारपणाचा पगार नाही, पेन्शन नाही, नोटीस मिळाली तरी थोड्या दिवसांची, या सगळ्याची भरपाईही त्यातच होती.

यातल्या बहुतेकांनी स्वतःची लिमिटेड कंपनी काढली. करबचतीची हाव हेच त्याचं कारण, असं सर्रास सांगितलं जातं. ते अपुरं आहे. माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत काम करणाऱ्या व्यक्तीचा कर कापण्याची जबाबदारी 1975 च्या कायद्याने एजन्सीवर टाकली होती. मध्ये कंपनी असली की ती जबाबदारी टळत असे, म्हणून एजन्सीच कंपनीचा आग्रह धरायच्या. अर्थात कंपनीतून थोडा पगार आणि बाकी लाभांश घेतला की नॅशनल इन्शुरन्स (पगारावरची सामाजिक विम्याची वर्गणी) वाचे, हेही तितकंच खरं.

9 मार्च 1999 रोजी, अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी, कर खात्याने, म्हणजे इनलँड रेव्हेन्यूने, 35 क्रमांकाचं पत्रक काढलं. त्यावरूनच आयआर 35 हे नाव पडलं. कंपनीचा पडदा बाजूला केल्यावर जर नातं मालक-नोकराचंच दिसत असेल, तर कर नोकरासारखा भरायचा. असं काम ‘इनसाइड’, खऱ्या स्वतंत्र व्यवसायाचं काम ‘आउटसाइड’. 6 एप्रिल 2000 पासून नियम लागू झाला. पण आपण कुठल्या बाजूला आहोत हे कॉन्ट्रॅक्टरनेच ठरवायचं होतं, त्यामुळे बाजाराची घडी फारशी विस्कटली नाही.

2008 च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक कोसळली आणि दरातली जोखीम प्रत्यक्षात दिसली. बँकांनी चालू कॉन्ट्रॅक्टचे दर सरसकट कापले. ‘मान्य करा किंवा निघा’ एवढाच पर्याय. पुढे नाताळात सक्तीची बिनपगारी सुटी देण्याची प्रथाही काही बँकांत रुजली. त्याच संकटातून आलेल्या नियमांनी मात्र मागणी पुन्हा वाढवली. 3 जानेवारी 2018 रोजी लागू झालेल्या मिफिड 2 या युरोपीय संघाच्या वित्तबाजार नियमावलीची तयारी कित्येक बँकांनी कॉन्ट्रॅक्टच्याच माणसांवर केली.

मग घाव बसला. इनसाइड की आउटसाइड हे ठरवण्याचं काम एप्रिल 2017 मध्ये सरकारी क्षेत्रात, आणि कोविडमुळे वर्षभर लांबून 6 एप्रिल 2021 पासून खासगी क्षेत्रातल्या मोठ्या व मध्यम कंपन्यांत, काम देणाऱ्याकडे गेलं. चुकीचा कर आपल्या अंगावर येईल या धास्तीने अनेक मोठ्या बँकांनी माणसागणिक तपासणी करण्याऐवजी लिमिटेड कंपन्यांना दारच बंद केलं. 23 सप्टेंबर 2022 रोजी तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी हे बदल मागे घेण्याची घोषणा केली, आणि 17 ऑक्टोबरला त्यांच्या जागी आलेले जेरेमी हंट यांनी ती घोषणाच रद्द केली.

आता बहुतेकांच्या वाट्याला अंब्रेला कंपनी येते, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला कागदोपत्री आपल्या नोकरीत घेऊन त्याचा पगार आणि कर सांभाळणारी मधली कंपनी. तिच्याकडे जमा होणाऱ्या दरातून नॅशनल इन्शुरन्सचा मालकाने भरायचा हिस्साही निघतो. 600 पौंडांनी 220 दिवस भरले तर वर्षाचे 1,32,000 होतात. एप्रिल 2025 पासूनच्या 15 टक्के दराने हा हिस्सा आणि अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही (उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठी मालकांवरचा कर) वजा केली की ढोबळ पगार उरतो सुमारे 1,15,000. म्हणजे दिवसाला 77 पौंड पगार सुरू होण्याआधीच गेले. अंब्रेलाची फी आणि स्वतःचा आयकर त्यानंतर. रजेचे पैसेही याच रकमेतून मिळतात.

कागदावर कॉन्ट्रॅक्टर आता अंब्रेलाचा नोकर आहे. पण बँकेचं प्रोजेक्ट थांबलं की त्याचं काम पूर्वीइतक्याच झटपट संपतं. कर नोकराचा आणि बेभरवसा कॉन्ट्रॅक्टरचा, ही सांगड मला अन्यायाची वाटते. आणि जुन्या दरांशी आजच्या दरांची तुलना करताना हिशेबात धरायची ती हीच गोष्ट.