शून्याच्या अलीकडे की पलीकडे? कम्पॅरेटरमागची गोष्ट

सिग्नल प्लस की मायनस, हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा जुना आहे. १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी तारसंदेशांची केबल टाकली गेली, तेव्हा तिच्यातून येणारा क्षीण प्रवाह ओळखायला भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी आरशाचा गॅल्व्हानोमीटर, म्हणजे प्रवाह दाखवणारं उपकरण, वापरला. इवलासा आरसा वळायचा, प्रकाशाचा ठिपका डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचा. ठिपका कुठल्या बाजूला गेला, यावरून संदेश वाचता यायचा.

दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या कम्पॅरेटर या सर्किटचं कामही एवढंच. एक इनपुट ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, दुसऱ्यावर सिग्नल. आउटपुट वर किंवा खाली. खरी अडचण शून्यापाशीच येते. ब्रेडबोर्डवर संथ सिग्नल दिला, की शून्य ओलांडताना एलईडी क्षणभर फडफडते आणि ऑसिलोस्कोपवर सरळ कडेऐवजी झालर दिसते. नॉइज, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळलेली बारीक खळबळ, सिग्नलला पुन्हा पुन्हा अलीकडे-पलीकडे ढकलत असतो.

यावरचा उपाय माकुळाच्या मज्जातंतूंच्या अभ्यासातून आला, हे मला आजही विलक्षण वाटतं. १९३४ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकणाऱ्या ऑटो श्मिट यांनी तंतूंतल्या आवेगाची नक्कल करणारं व्हॅक्यूम ट्यूबचं सर्किट बांधलं; १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आउटपुटचा थोडा अंश इनपुटकडे परत दिला, की आउटपुट पलटण्याचे उंबरठे दोन होतात: चढताना एक, उतरताना दुसरा. आज त्यासाठी दोन रेझिस्टर पुरतात. सिग्नलच्या वाटेत १० किलोओहम, आउटपुटपासून प्लस इनपुटपर्यंत १ मेगाओहम आणि आउटपुट ५ व्होल्ट हलणारं, तर दोन उंबरठ्यांत सुमारे ५० मिलिव्होल्टचं अंतर पडतं. झालर नाहीशी होते.

साठच्या दशकात फेअरचाइल्ड या चिप कंपनीत बॉब विडलर यांनी ७१० ही कम्पॅरेटर चिप घडवली. सुमारे ४० नॅनोसेकंदांत निर्णय देणारी, पण +१२ आणि −६ व्होल्ट असा अडनिडा सप्लाय मागणारी. पुढे नॅशनल सेमीकंडक्टरच्या एलएम३११ ने ±१५ व्होल्टवर चालूनही लॉजिकला, म्हणजे डिजिटल सर्किटला, ०–५ व्होल्ट देण्याची सोय केली, म्हणून ऋण सिग्नल पाहायला ती अजूनही सोयीची. स्वस्त एलएम३९३ एकेरी सप्लायवर लावली, तर इनपुट ग्राउंडच्या खाली ०.३ व्होल्टहून जास्त जाऊ देऊ नका. आउटपुट उलटं उत्तर देऊ शकतं.

आयसीएल७१०६ सारख्या चिपवरच्या डिजिटल मल्टिमीटरमध्येही हाच निर्णय आधी होतो. सिग्नलचं इंटिग्रेशन, म्हणजे ठरावीक वेळ त्याची बेरीज साठवणं, संपताच कम्पॅरेटर बाजू सांगतो, मग उलट पोलॅरिटीचा (उलट चिन्हाचा) रेफरन्स, म्हणजे ज्ञात व्होल्टेज, जोडला जातो. लाल-काळी प्रोब अदलाबदल झाली, की आकड्याच्या डावीकडे उमटणारी आडवी रेघ तिथूनच येते.