१२०० मोठे की ७१०?

घड्याळांच्या जाहिरातींत ‘मिलिटरी ग्रेड’ हे विशेषण इतके सैल वापरले जाते की त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा कठिणतेचा आकडा वाचलेला बरा, पण तोही जपून. फ्रँकफर्टच्या झिन कंपनीचे (स्थापना १९६१) ‘८५६’ आणि रेगेन्सबुर्गजवळच्या दमास्को कंपनीचे (१९९४) ‘डीए ३६’ ही वैमानिकी धाटणीची दोन दणकट घड्याळे शौकीन मंडळी नेहमी शेजारी ठेवून तोलतात. झिन आपल्या केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीची, कठिणता १२०० विकर्स (कठिणतेचे एक माप) सांगते, दमास्को ७१०. साधे स्टेनलेस स्टील २००च्या आसपास असते. यावरून झिन जिंकली असे म्हणणे घाईचे आहे.

विकर्स चाचणीत समोरासमोरच्या बाजूंमध्ये १३६ अंशांचा कोन असलेला हिऱ्याचा पिरॅमिड ठरावीक भाराने धातूवर दाबतात आणि उमटलेल्या खळग्याचे कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. भार हलका असेल तर फक्त वरचा थर मोजला जातो. भार वाढला की आतला धातूही हिशेबात येतो. झिनच्या ‘टेजिमेंट’ प्रक्रियेत लेप चढवत नाहीत, पोलादाचा पृष्ठभागच कठीण करतात. स्टेनलेस स्टीलचा पृष्ठभाग कमी तापमानाला कठीण करताना सहसा कार्बन किंवा नायट्रोजनचे अणू लोखंडाच्या अणूंमधल्या फटींत शिरवले जातात, त्यामुळे स्फटिकजालक, म्हणजे अणूंची नियमित मांडणी, ताणले जाते आणि अणूंचे थर एकमेकांवरून घसरेनासे होतात. तापमान वाढले तर हाच कार्बन गंज रोखणाऱ्या क्रोमियमला धरून कार्बाइड बनवतो आणि पोलाद गंजू लागते. अशा थरांची जाडी बहुधा मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच असते.

दमास्को अख्खी केस आतपर्यंत कठीण करते. तापवलेले पोलाद झपाट्याने थंड केले की ऑस्टेनाइटमधील (तापलेल्या पोलादाच्या स्फटिकरचनेतील) अणूंना नीट फेरमांडणीला वेळ मिळत नाही, कार्बन आणि नायट्रोजन आतच अडकतात आणि मार्टेन्साइट नावाची ताणलेली, कठीण रचना तयार होते. उरलेसुरले ऑस्टेनाइट शून्याच्या बरेच खाली नेल्यावर बदलते. कार्बनचे काही काम नायट्रोजनने केल्यामुळे क्रोमियम कार्बाइडमध्ये फारसे अडकत नाही आणि गंजाला अटकाव करायला मोकळे राहते.

धुळीतले क्वार्ट्झचे कण सुमारे हजार विकर्सचे असतात, म्हणून बारीक ओरखड्यांपुरती झिन सरस ठरते. मात्र केस लोखंडी कठड्यावर जोरात आपटली, तर भुसभुशीत मातीवर नुसत्या ठेवलेल्या शहाबादी फरशीसारखा तो पातळ थर खालच्या मऊ धातूबरोबर खचतो. दमास्कोच्या केसला तेवढ्याच आघाताने पोचा पडणे अवघड. गिर्यारोहकाने दमास्को निवडावे आणि कचेरीत बसणाऱ्याने झिन, असे माझे मत आहे.

चुंबकत्वाच्या बाबतीत दोघांची बरोबरी आहे. साध्या ‘अँटिमॅग्नेटिक’ घड्याळाला जर्मन मानकानुसार ४,८०० अँपिअर प्रति मीटर एवढे चुंबकी क्षेत्र सोसावे लागते. ही दोन्ही, यंत्राभोवतीच्या मऊ लोखंडी कवचामुळे, ८०,००० सोसतात. रक्तदाबासाठी चुंबकी कडे घालणाऱ्यांचा रक्तदाब त्या कड्याने उतरत नाही, पण त्याच मनगटावरच्या साध्या घड्याळाची केसाएवढी बारीक स्प्रिंग चुंबकित होऊन घड्याळ पुढे धावू शकते.