पायाच्या शिरा: माणसाच्या आणि कुत्र्याच्या

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात गेलात, तर कामगारांच्या पोटऱ्यांकडे एकदा बघा. पाळी संपेपर्यंत माणूस उभाच असतो. कित्येकांच्या पोटरीवर निळसर, गाठाळलेल्या शिरा उठून आलेल्या दिसतात. याच व्हेरिकोज व्हेन्स. कारखान्याच्या दारात पसरलेल्या कुत्र्याला हा त्रास सहसा होत नाही, आणि तरी दोघांच्या पायातल्या शिरांची मूळ मांडणी एकच आहे.

माणसाची सर्वात लांब शीर म्हणजे मोठी सॅफेनस. ती आतल्या घोट्याच्या पुढून निघते, मांडीच्या आतल्या बाजूने वर जाते आणि जांघेत खोल शिरेला मिळते. धाकटी सॅफेनस बाहेरच्या घोट्यामागून पोटरीवर चढते आणि गुडघ्यामागे संपते. कुत्र्यालाही या दोन्ही आहेत, पण मान उलटा. त्याची बाहेरची शीर ठळक असते आणि मागच्या पायाच्या घोट्याच्या जरा वर तिरकी जाताना कातडीखाली दिसते. (मागे वळलेला जो सांधा आपण त्याचा गुडघा समजतो, तो खरं तर घोटा.) जनावरांच्या दवाखान्यात रक्त काढायला पुष्कळदा तीच धरतात. आतल्या शिरेसोबत कुत्र्यात चांगली जाड धमनीही चालते. माणसात त्या धमनीचा जेमतेम अवशेष उरला आहे.

त्रासाचं मूळ उभं राहण्यात आहे. कुत्र्याचं हृदय जमिनीपासून हातभर उंच, आपलं चार फुटांच्या आसपास. स्थिर उभ्या माणसाच्या घोट्याशी शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागलं की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि तो 30 च्या खाली येतो. ढकललेलं रक्त परत खाली येऊ नये म्हणून शिरेत झडपा असतात. त्या सैल पडल्या की शीर फुगते.

या झडपांचा अर्थ लागायला फार काळ गेला. सुश्रुतसंहितेत शरीरात 700 सिरा मोजल्या आहेत, त्यातल्या 400 हातापायांत, आणि कोणत्या टोचू नयेत हेही बजावलं आहे. झडपांचं तपशीलवार वर्णन छापलं ते इटलीतल्या पाडुआच्या शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने, 1603 मध्ये. हातापायांत रक्त साचू नये म्हणून त्या रक्ताचा वेग अडवतात, असं त्याला वाटलं. झडप समोर होती, पण शिरेतलं रक्त यकृतातून निघून बाहेर अवयवांकडे जातं ही जुनी समजूत सुटली नव्हती. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने शिरेत सळई घालून पाहिली. हृदयाच्या दिशेने ती सरकत होती, उलट अडत होती. 1628 च्या ग्रंथात त्याने मांडलं की शिरेतलं रक्त हृदयाकडेच जातं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. गुरूने पाहिलेलीच गोष्ट शिष्याने नव्याने पाहिली.

पुढच्या कथेत कुत्र्याचं ऋण मोठं आहे. 1656 मध्ये ऑक्सफर्डला ख्रिस्तोफर रेन याने पिसाची नळी आणि मूत्राशयाची पिशवी वापरून कुत्र्याच्या मागच्या पायाच्या शिरेत मद्यात विरघळवलेली अफू सोडली. कुत्रा गुंगला, पण वाचला. आज शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक इंजेक्शनचा धागा तिथे पोचतो. विसाव्या शतकाच्या आरंभी शल्यचिकित्सक अलेक्सिस कॅरेलने रक्तवाहिन्या जोडण्याची शिलाई कुत्र्यांवरच बसवली आणि 1912 चं नोबेल मिळवलं. त्याच शिलाईच्या जोरावर 1967 मध्ये रेने फावालोरोने अमेरिकेत क्लीव्हलँडला पायाची मोठी सॅफेनस काढून हृदयाच्या धमनीला बायपाससाठी जोडली.

बायपास झालेल्या माणसाच्या पायावर आतल्या बाजूने पुष्कळदा व्रण दिसतो, तो याच शिरेचा. ही शीर हृदयावर लावताना उलटी फिरवून लावावी लागते. सुलटी लावली, तर फॅब्रिशियसने पाहिलेल्या झडपा रक्ताची वाट अडवतील.