आधी बुजतं कोण?

मैदानाच्या त्या कोपऱ्यात चार महिन्यांपूर्वी घोडा बुजला होता. वाऱ्याने उडालेली एक पिशवी, घोड्याने बाजूला मारलेली उडी आणि जमिनीवर आपटलेला स्वार. सगळा दोन-तीन सेकंदांचा मामला. खांद्याचं हाड केव्हाच जुळून आलं. पण अजूनही तो कोपरा वीस पावलांवर आला की स्वाराचे गुडघे आपोआप आवळले जातात, टाचा वर उचलल्या जातात, पाठीला पोक येतो आणि हात लगाम ओढून धरतात.

आता हे घोड्याच्या बाजूने बघा. पाय आवळले, म्हणजे ‘चल’. लगाम ओढला, म्हणजे ‘थांब’. दोन्ही हुकूम एकदम! अंगावर माशी बसली तरी ज्याची कातडी थरथरते, त्याच्यापासून पाठीवरचं हे आखडणं लपणार कसं? शिवाय पुढे झुकल्यामुळे स्वाराची मांड सुटते. म्हणजे पडण्याच्या भीतीने शरीर जे करतं, त्यानेच पडण्याची शक्यता वाढते.

स्वीडनमधल्या लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली यावर एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्यांना एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत चार वेळा न्यायचं; काहींनी हाताने धरून, काहींनी वर बसून. चौथ्या फेरीआधी माणसांना सांगण्यात आलं, की या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. छत्रीबद्दल घोड्यांना कोण सांगणार होतं?

मग ही भीती जाते कशी? खरं तर ती जात नाही. घंटेनंतर अन्न मिळतं हे शिकलेल्या कुत्र्याला नुसत्या घंटेनेही लाळ सुटते. मग घंटा वाजवूनही अन्न दिलं नाही, तर ती लाळ हळूहळू थांबते. पण काही काळाने घंटा पुन्हा वाजवली की लाळ परत येते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना दिसलं होतं. जुनी शिकवण पुसली गेलेली नसते. तिच्या शेजारी ‘इथे काही होत नाही’ अशी दुसरी शिकवण तयार होते आणि ती पहिलीला दाबून धरते. ही नवी शिकवण नाजूक असते. ती जागेला चिकटते, त्या घोड्याला चिकटते. म्हणून ओळखीच्या रिंगणात निवांत दुडकी चालीने फिरणारा स्वार नव्या माळावर गेला, की पोटात पुन्हा गोळा येतो. अशा दिवशी पुष्कळ जण ‘सगळं मुसळ केरात’ म्हणून घोड्यावर बसणंच सोडतात. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान होतं ते इथे. केलेली मेहनत कुठेही गेलेली नसते; फक्त या माळावरची शिकवणी अजून व्हायची असते.

‘पडलास तर लगेच परत चढ’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. टाळत राहिलं की दर वेळी सुटल्यासारखं वाटतं आणि त्या सुटकेवर भीती पोसली जाते, इथवर बरोबर. पण डोक्याला मार लागला असेल तर आधी डॉक्टर. आणि थरथरत्या माणसाला दामटून वर बसवलं, तर वाईट आठवणींत आणखी एकीची भर पडते.

मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली मांडलेली हकीकत इथे जास्त उपयोगी आहे. सशाला घाबरणारा, जेमतेम तीन वर्षांचा पीटर आवडीचं खात असताना त्या ससा लांब ठेवत, मग दर खेपेला थोडा जवळ आणत. अखेर पीटर सशाशी खेळू लागला. स्वाराचंही तसंच. आधी नुसता खरारा, मग कुणीतरी लगाम धरलेल्या घोड्यावर बसणं, मग त्या कोपऱ्यापासून वीस पावलं. शांत, म्हातारा घोडा मागण्यात कसला आलाय कमीपणा!

आणि श्वास. आत घेताना हृदय किंचित जलद चालतं, सोडताना मंदावतं. म्हणून उच्छ्वास लांबवायचा. हे जमत नसेल तर गाणं म्हणा. बेसूर चालेल, घोडा हरकत घेत नाही. गाताना श्वास रोखून धरता येत नाही आणि आवळलेला जबडाही सुटतो.

आज पंधरा पावलांवर थांबायचं ठरलं असेल, तर पंधरावरच थांबा. घोडा मान खाली सोडून फुरफुरेल, तुम्हाला दहापर्यंत जावंसं वाटेल. जाऊ नका. रिकिबीतून पाय काढा, उतरा, त्याची मान थोपटा. दहा पावलं उद्या.